किनारा जवळ, पाणी उथळ, तरीही जपून!

रे रोड स्थानकाच्या पूर्वेला दारूखाना आणि त्याला लागून समुद्र. पण जुनी जहाजे तोडली जाणाऱ्या या किनाऱ्याचे गढूळ पाणी हौसेने बुडी मारण्याचे नव्हे. त्यामुळे समुद्राचा तळ पाहायचा तर इथला तरुण सुट्टीत मालवण-तारकर्ली गाठतो. तिथे स्कूबासाठी सहसा मोटारबोट नेते. पण वल्ह्याची छोटी कयाक घेऊन किनाऱ्यालगतच बुडी मारावी, हा विचारही आता अनेकांना खुणावतो. ‘किनारा समोर दिसतोय, पाणी जेमतेम आठ-दहा मीटर,’ हा त्यातला दिलासा. शरीराच्या दृष्टीने मात्र हाच दिलासा फसवा आहे.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच तो दुप्पट होतो. ३० वरून ४० मीटरवर जाताना मात्र चारपटीचा पाचपट होतो. कान आणि फुप्फुसांतील हवा सर्वाधिक आकुंचते-प्रसरते ती उथळ पाण्यातच. म्हणून दीड-दोन मीटरवरच कान दुखू लागतात. कान दुखण्याची वाट न पाहता, नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलावी. सर्दी असेल तर बुडी नकोच.

स्कूबामध्ये १० मीटरवर घेतलेली ५ लिटर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत १० लिटर होऊ पाहते. घाबरून श्वास रोखत वर आल्यास फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. सव्वा मीटरवरूनही हे घडू शकते. म्हणून सिलिंडर वापरताना श्वास कधीही रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचे.

सिलिंडरशिवाय, दम रोखून मारलेल्या बुडीचा धोका वेगळा. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले, तर हा वायू कमी होतो. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. धोक्याची घंटा उशिरा वाजते. वर येताना दाब घटला की फुप्फुसांतील ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने उतरतो आणि पृष्ठभाग हाताशी आला असतानाच शुद्ध हरपते. पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही असा बळी जातो. त्यामुळे बुडी कधीही एकट्याने मारू नये. एक जण खाली, तर दुसरा वर लक्ष ठेवून. वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही.

कयाक इथे खरोखर उपयोगी आहे. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या बुडी मारणाऱ्या स्त्रिया, हेन्यो, सोबत तरंगता गोळा ठेवतात. दोन बुड्यांमध्ये त्याचाच आधार घेतात. कयाकही तशीच विसाव्याची जागा. ती नांगरून ठेवावी, खाली माणूस आहे हे सांगणारा झेंडा लावावा. सिलिंडर होडीत बसून पाठीवर चढवण्यापेक्षा हवा भरलेल्या जॅकेटसह पाण्यात सोडून, तिथेच घालणे सोपे.

पण कयाकला इंजिन नसते. सकाळचा मतलई वारा तिला समुद्राकडे लोटतो. बुडीनंतर थकलेल्या शरीराने वाऱ्याविरुद्ध वल्हवणे, मग होडी वाळूवरून ओढणे, सुमारे १५ किलोचे सिलिंडर उचलणे, हे सारे नको त्या वेळी होते. स्कूबानंतर काही काळ शरीरात जादा नायट्रोजन असतो. जोराच्या श्रमाने त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. उथळ, थोडक्या बुडीत हा धोका कमी. दिवसभरात अनेक बुड्या मारल्यास जास्त. म्हणून जाताना वारा पाहावा, भरपूर पाणी प्यावे, परतल्यावर विश्रांती घ्यावी, सामान इतरांना उचलू द्यावे. स्कूबा झाल्यावर त्याच दिवशी दम रोखून बुड्या मारू नयेत.

परतीचा प्रवासही याच हिशेबात धरावा. एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमान नको. आंबोलीचा घाटही सुमारे ६९० मीटर उंचीवर नेतो; त्यालाही हाच नियम लावणे शहाणपणाचे.

दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा पूर्वी फुप्फुसाला छिद्र पडलेले असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. बुडीनंतर छातीत दुखले, बोलणे अडखळले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा सांधे ठणकले, तर रुग्णाला आडवे झोपवून ऑक्सिजन द्यावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. लक्षणे घरी परतल्यावर, दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच असू द्या, ‘डॉक्टर, मी काल समुद्रात बुडी मारली होती.’