जुन्या व्हॅलेंटाईन कार्डांचा बाजार : आधी पाठ पाहा, मग भाव बोला

जुन्या मालाच्या धंद्यात गिऱ्हाईक वस्तूचा चेहरा पाहते आणि जाणकार तिची पाठ पाहतो. इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या व्हॅलेंटाईन कार्डांच्या बाजाराला ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. १४ फेब्रुवारीला धाडल्या जाणाऱ्या या कार्डांबद्दल कोणाचे मत काहीही असो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा हा कागद तिकडे संग्राहक पैसे मोजून घेतात आणि व्यापारी तो जपून विकतात. कागद, छपाई आणि जुन्या वस्तूंच्या धंद्यातील आपल्या वाचकांनी हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे.

धंदा कसा उभा राहिला

लंडनला १७९७ साली छापलेले एक कार्ड यॉर्क कॅसल म्युझियममध्ये जपलेले आहे. पण खरी मागणी वाढली ती १८४० नंतर. त्या वर्षी ब्रिटनमध्ये एक पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि साध्या माणसालाही कार्ड पाठवणे परवडू लागले. त्याआधी १८३४ च्या सुमारास जोसेफ ॲडनब्रुक या कारागिराने एक युक्ती काढली होती. ठशावर दाबून उठाव आणलेल्या कागदाचे वर आलेले भाग कानशीने घासले की भोके पडतात आणि कागद लेससारखा जाळीदार दिसतो. हाच जाळीचा कागद पुढे या कार्डांची ओळख ठरला.

अमेरिकेत वूस्टर गावच्या एस्थर हाउलंड या तरुणीने हा धंदा घरातून सुरू केला. १८४७ मध्ये शिक्षण संपल्यावर तिने इंग्लंडहून आलेले कार्ड पाहून स्वतः नमुने बनवले. तिचा भाऊ ते घेऊन वडिलांच्या दुकानाच्या फेरीवर गेला. तिला दोनशे डॉलरच्या मागणीची आशा होती. भाऊ पाच हजारांहून अधिक डॉलरची मागणी घेऊन परतला. मग मैत्रिणींना कामाला बसवून तिने कामाची वाटणी केली. एकीने कापायचे, दुसरीने चिकटवायचे, अशी ओळ लागली. १८८१ मध्ये तिने हा धंदा जॉर्ज व्हिटनी यांना विकला. व्हिटनींचा कारखाना १९४२ मध्ये युद्धकाळातील कागदटंचाईमुळे बंद पडला.

माल कसा ओळखावा

हाउलंडच्या अनेक कार्डांच्या पाठीवर लाल रंगात छोटे ‘एच’ अक्षर असते. तेवढ्या एका अक्षराने भाव चढतो. ‘जर्मनीत छापले’ असा शिक्का असलेली अमेरिकेतील कार्डे बहुधा १८९१ नंतरची असतात, कारण त्या वर्षापासून तिकडे आयात मालावर देशाचे नाव असणे कायद्याने बंधनकारक झाले.

छपाई भिंगाखाली पाहावी. जुन्या दगडी रंगीत छपाईत ठिपके वेडेवाकडे पडतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते एकसारख्या रांगांत दिसतात. नोटा तपासण्याचा निळा दिवाही कामाला येतो. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चकाकी आणणारे रसायन असते. असा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो, जुना कागद तसा चमकत नाही.

फसगत कुठे होते

उघड नकलेपेक्षा जोडकामाने जास्त लोक फसतात. दोन फाटक्या कार्डांचे भाग जोडून एक धड कार्ड केले जाते. गळलेल्या चित्राच्या जागी नंतरच्या काळात छापलेले चित्र लावले जाते. तिकीट आणि टपालाचा शिक्का असलेले पाकीट सोबत असेल तर तारीख पक्की होते व किंमत वाढते. म्हणून दुसऱ्याच कार्डाचे पाकीटही चिकटवून दिले जाते. घडी आणि माप जुळते का, हे तपासले की ही लबाडी उघडी पडते. चिकटपट्टीचा पिवळा डाग, तुटलेली जाळी, ओढल्यावर न हलणारी पट्टी हे सगळे दोष भाव पाडतात.

म्हणून मुरलेले संग्राहक स्वस्त मालापेक्षा भरवशाचा व्यापारी शोधतात. असा व्यापारी बिलावर काळ, बनवणाऱ्याचे नाव, दुरुस्ती आणि दोष लिहून देतो. लिहिल्याप्रमाणे माल निघाला नाही तर परत घेतो. दोष सांगितल्याने त्याला त्या दिवशी दोन पैसे कमी मिळतात, पण तेच गिऱ्हाईक पुढे त्याच्याच शब्दावर, कार्ड न पाहता, मागणी पाठवते. दूरच्या गावी टपालाने चालणारा व्यापार याच शब्दावर उभा असतो.

आपल्यासाठी

मुंबईच्या चोर बाजारात जुनी पोस्टकार्डे, फोटो आणि सिनेमाची पोस्टरे विकणाऱ्यांना हीच शिस्त उपयोगी आहे. माल परदेशी पाठवणाऱ्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदाही ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

कारागिरांनी वेगळा धडा घ्यावा. हाउलंडच्या खोलीत कात्री आणि गोंद चालवणाऱ्या मुलींपैकी कोणाचेही नाव त्या कार्डांवर नाही. मालकिणीने उमटवलेले अक्षर तेवढे टिकले आणि त्यावरच आज भाव ठरतो. आपण घडवलेल्या वस्तूच्या पाठीवर आपली खूण आणि साल घालायला काही खर्च येत नाही. हे काम आजपासूनच करावे.