उन्हाळ्यातील आहार : साधा, ताजा आणि गावचाच

फाल्गुन सरतो तशा विहिरी खोल जातात, पालेभाज्या महागतात आणि ग्रामीण कुटुंबाच्या ताटातून भाजी हळूहळू नाहीशी होऊ लागते. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. घामावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात आणि भूक मंदावते. अशा दिवसांत बालके, गर्भवती स्त्रिया व उन्हात राबणारे श्रमिक यांच्या पोषणात खंड पडणे हिताचे नाही. ही उणीव भरून काढणारे जिन्नस बहुधा गावातच मिळतात.

कैरीची डाळ

एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी. तीत अर्धी वाटी कैरीचा कीस, मीठ, किंचित साखर व कोथिंबीर मिसळावी आणि हिंग, मोहरी, हळद व लाल मिरचीची फोडणी गार करून वर घालावी. चैत्रातील हळदीकुंकवाचा हा पदार्थ आहारशास्त्रालाही धरून आहे. डाळीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. कैरीतील क जीवनसत्त्व त्यास साहाय्य करते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने कैरी कच्चीच वापरावी. जेवणाबरोबरचा चहा मात्र लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. तो तासाभराने घेणे बरे.

शेवग्याचा पाला

शेंगा काढून पाला टाकून देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. वस्तुतः या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असतो. कोवळा पाला निवडून धुवावा. लसूण-मिरचीच्या फोडणीवर भिजवलेली मूगडाळ व पाला घालून, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावे. शिजवलेले पाणी फेकू नये.

ज्वारीची आंबील

चार चमचे ज्वारीचे पीठ रात्री पाण्यात कालवून आंबवावे. सकाळी ते चार वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत शिजवावे. निवल्यावर ताक, मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा. शेतावर जाणाऱ्यास यातून अन्न, पाणी आणि मीठ एकदमच मिळते.

दक्षता

टंचाईच्या काळात पाणी दूषित होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून ताक, पन्हे व सरबत यांसाठी उकळून गार केलेले पाणीच वापरावे. बाजारातील बर्फ टाळावा. भिजवलेली डाळ व आंबील उन्हाळ्यात लवकर खराब होतात. ती त्याच दिवशी संपवावी. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे आणि मधुमेहींनी साखर-गुळाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठेवावे.

शेवग्याची फांदी पावसाळ्याच्या आरंभी लावल्यास सहज जगते. ग्रामपंचायतीने सार्वजनिक नळाच्या सांडपाण्यावर आणि शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत अशी चार झाडे वाढविली, तर पुढील उन्हाळ्यांत अंगणवाडीतील मुलांच्या ताटात हिरवी भाजी येईल. त्यासाठी स्वतंत्र निधीची नव्हे, थोड्या नियोजनाची आवश्यकता आहे.