राजीनाम्यात साहेबांविषयी किती लिहावं?

बॉसच्या जाचाला कंटाळून नोकरी सोडणाऱ्याला सल्ले दोनच मिळतात: ‘जाता जाता सगळं सुनावून टाक’, नाहीतर ‘गुपचूप बाहेर पड’. दोन्ही सल्ले अर्धवट माहितीवर उभे आहेत.

गैरसमज: राजीनामापत्रात खरं कारण द्यावंच लागतं.
वस्तुस्थिती: नोकरी सोडत असल्याचं कळवणं आणि शेवटच्या दिवसाची तारीख नोंदवणं, एवढंच त्या पत्राचं काम. साहेबांचा स्वभाव तिथे नको.

गैरसमज: मग ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं की झालं.
वस्तुस्थिती: राजीनामा दबाव आणून लिहून घेतला असेल, तर हेच दोन शब्द पुढे आडवे येतात. तो स्वेच्छेनं दिला नव्हता, हे दाखवण्याचं ओझं सहसा कर्मचाऱ्यावरच येतं. अशा वेळी सौम्य भाषेचा मोह धरू नका. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणासमोर, हे ईमेलनं कळवा आणि त्याची प्रत घरी ठेवा. विशेषणांपेक्षा तारखा जास्त कामाला येतात.

गैरसमज: नोकरी सुटली की तक्रारीचा हक्कही संपला.
वस्तुस्थिती: लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी महिला नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही. मुदत मात्र शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. नव्या नोकरीत रुळेपर्यंत थांबलात, तर हे दिवस हातचे जातात.

गैरसमज: खरं बोललं तर ग्रॅच्युइटी अडवतील.
वस्तुस्थिती: ठरावीक गैरवर्तनासाठी कामावरून काढलं असेल, तरच ती जप्त होऊ शकते. राजीनामा देताना केलेली टीका त्यात बसत नाही. पीएफचा पैसा तर तुमचाच. भीती बाळगायची तर रिलीव्हिंग लेटर रखडण्याची आणि नव्या कंपनीनं जुन्या साहेबांना फोन करण्याची.

गैरसमज: एक्झिट इंटरव्ह्यूत बोललेलं गुप्त राहतं.
वस्तुस्थिती: तशी कायदेशीर हमी नाही. एचआर कंपनीसाठी काम करतो, तुमचं म्हणणं साहेबांपर्यंत जाऊ शकतं. तरीही बोलावं, असं मला ठामपणे वाटतं, कारण मागे राहिलेले सहकारी त्याच माणसाच्या हाताखाली असतात. फक्त ‘ते उद्धट आहेत’ असं म्हणू नका. ‘मंजूर झालेली रजा आयत्या वेळी दोनदा रद्द केली’ असं सांगा. पहिलं वाक्य तुमचं मत ठरतं, दुसरं एचआरला रजेच्या नोंदींत तपासता येतं.