चिपाडावरची वीज : मॉरिशसच्या नवीकरणीय ऊर्जेचा मागोवा

मॉरिशस हे हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला असलेले ज्वालामुखीजन्य बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटर असून देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. येथे कोळसा, खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू सापडत नाही. विजेचे जाळे कोणत्याही शेजारी देशाशी जोडलेले नाही. त्यामुळे वीज कमी पडली तर बाहेरून घेता येत नाही आणि उरली तर विकता येत नाही. अशा देशाने गेल्या सात दशकांत उसाचे चिपाड, पाणी, ऊन आणि वारा यांपासून वीज मिळवण्याचे प्रयत्न केले. त्या प्रयत्नांचा इतिहास बव्हंशी उसाचाच इतिहास आहे. ऊस तेजीत असताना नवीकरणीय विजेचा वाटा टिकला आणि ऊस मागे हटू लागल्यावर तोही डळमळला.

ऊसशेतीचा मोठा विस्तार ब्रिटिश राजवटीत, एकोणिसाव्या शतकात झाला. १८३४ पासून कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून आणले गेले. त्यांत बिहारी, तमिळ आणि तेलुगू लोकांबरोबर मुंबई इलाख्यातील, विशेषतः कोकणपट्टीतील मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसच्या समाजाचा भाग आहेत. या मजुरांच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांतच पुढे देशाच्या वीजनिर्मितीचा एक मोठा आधार तयार झाला.

बेटावरची सुरुवातीची वीज मात्र पाण्याची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमोद इब्राहिम आचिया या उद्योजकाने रेद्युई येथे जलविद्युत केंद्र उभारून परिसरातील वस्तीला वीज पुरवली. १९५२ मध्ये सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड स्थापन झाले आणि वीजपुरवठा हळूहळू या सरकारी मंडळाकडे एकवटला. मधल्या पठारावरून समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांवर लहान-लहान केंद्रे बांधली गेली. त्यांतले सर्वांत मोठे, ३० मेगावॅट क्षमतेचे शँपेन केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले. सर्व केंद्रांची मिळून क्षमता सुमारे ६० मेगावॅटपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली, कारण मोठे धरण बांधता येईल अशी जागा उरली नव्हती. नद्या आखूड असल्याने पाऊस ओढ देई त्या वर्षी निर्मितीही घटे.

चिपाडाची वीज जाळ्यात येण्याची सुरुवात १९५० च्या दशकात झाली. गाळपानंतर उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के चिपाड उरते आणि त्यात निम्मे पाणी असते. कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ करत आणि त्या वाफेवर गाळप यंत्रे चालवून रस आटवत. जुने बॉयलर कमी दाबाचे होते. शिल्लक चिपाडाचे काय करायचे हा प्रश्न टाळण्यासाठी ते उधळेपणानेच जाळले जाई. १९५७ मध्ये सेंट आंत्वान कारखान्याने प्रथमच आपली थोडी जादा वीज मंडळाच्या जाळ्यात दिली. ही वीज अनियमित होती. कारखान्याची गरज भागून उरेल तेवढीच आणि तीही हंगामापुरतीच मिळे.

१९७० च्या दशकातील तेलाच्या दोन भाववाढींनी या शिल्लक विजेचे मोल वाढवले. आयात तेलावर चालणाऱ्या केंद्रांचा खर्च कडाडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेदीन कारखाना हंगामभर ठरलेल्या प्रमाणात वीज देऊ लागला. त्यानंतर काही वर्षांतच पूर्वेकडील फ्लाक युनायटेड इस्टेट्स लिमिटेडने वेगळ्या धर्तीचे केंद्र उभारले. गाळप हंगामात तेथे चिपाड जळे आणि हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये कोळसा जळे. त्यामुळे वर्षभर खात्रीची वीज मिळू लागली. पुढील सर्व सहवीज प्रकल्पांनी हाच नमुना गिरवला. त्याची सोय आणि त्याचा दोष या दोन्ही गोष्टी याच जोडणीत होत्या.

तंत्रज्ञानाइतकाच प्रश्न पैशांच्या वाटणीचा होता. उसाचा एक मोठा हिस्सा छोटे शेतकरी पिकवत, पण चिपाड कारखान्याकडे राही. त्यापासून वीज विकून पैसा मिळू लागल्यावर त्यात शेतकऱ्याचा वाटा किती, असा प्रश्न निघाला. १९८५ च्या कायद्याने चिपाडाच्या मोबदल्यासाठी वेगळा निधी निर्माण केला. १९८८ च्या साखर उद्योग कार्यक्षमता कायद्याने कारखान्यांना वीजनिर्मितीसाठी करसवलती दिल्या. १९९१ मध्ये सरकारने चिपाड ऊर्जा विकास कार्यक्रम आखला. १९९४ मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट स्थापन करून शेतकरी आणि कामगारांना कारखान्यांत वीस टक्के भागीदारी देण्यात आली. धोरणाचा हा सलग धागा नसता, तर गुंतवणुकीचा पुढचा टप्पा इतक्या सहज आला नसता.

हा टप्पा अधिक दाबाच्या बॉयलरचा होता. दाब वाढला की तेवढ्याच चिपाडातून अधिक वीज निघते. जुन्या कारखान्यांना एक टन उसामागे मोजकी काही युनिटे बाहेर देता येत. ८२ बार दाबाच्या आधुनिक संयंत्रांत ती शंभराच्या वर गेली. उत्तरेकडील बेल व्यू येथे ७० मेगावॅटचे केंद्र २००० मध्ये सुरू झाले आणि २००७ मध्ये दक्षिणेकडे सावान येथे आणखी मोठ्या केंद्राची भर पडली. १९९० च्या दशकाच्या मध्याला चिपाडापासून जाळ्याला मिळणारी वीज वर्षाला बारा कोटी युनिटांच्या आसपास होती. २००२ पर्यंत ती तीस कोटींवर पोहोचली. लहान आकाराच्या ऊस उत्पादक देशांसाठी मॉरिशस हे अभ्यासाचे उदाहरण ठरले.

याच सुमारास उसाचा आर्थिक पाया खचू लागला. १९७५ च्या साखर करारानुसार युरोप मॉरिशसकडून वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर चढ्या, हमी भावाने घेत असे. युरोपीय संघाने २००६ पासून टप्प्याटप्प्याने हा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये करार संपला. त्याला तोंड देण्यासाठी कारखाने एकत्र करण्यात आले. एकेकाळी वीसहून अधिक असलेले कारखाने आज तीनवर आले आहेत. गाळप एकवटल्याने वीजनिर्मिती कार्यक्षम झाली, पण परवडत नाही म्हणून अनेक छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला. शेतजमिनीवर घरे, हॉटेले आणि रस्ते आले. १९९० च्या आसपास पाऊण लाख हेक्टरच्या घरात असलेले उसाचे क्षेत्र चाळीस हजार हेक्टरांच्या खाली आले आणि त्याबरोबर चिपाडही घटले.

ही घट कोळशाने भरून काढली. चिपाड कमी पडले, तरी बॉयलर आणि वीज खरेदीचे करार कायम होते. २०१० च्या दशकात देशाच्या विजेचा सुमारे चाळीस टक्के भाग कोळशापासून येऊ लागला. चिपाडासाठी उभारलेल्या केंद्रांनीच आयात कोळशाला जागा करून दिली, अशी टीका पर्यावरणवाद्यांनी केली. पश्चिम किनाऱ्यावर आल्बियनजवळ पॉइंट ओ काव्ह येथे केवळ कोळशावर चालणारे केंद्र उभारण्याच्या प्रस्तावाला नागरिकांनी कडाडून विरोध केला. २०१३ मध्ये हा विरोध शिगेला पोहोचला, सरकारला राष्ट्रीय ऊर्जा आयोग नेमावा लागला आणि ते केंद्र कधीच उभे राहिले नाही.

उसापलीकडे पाहण्याचा प्रयत्न २००८ मध्ये सुरू झाला. पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांनी ‘मोरिस इल द्युराब्ल’, म्हणजे शाश्वत बेट मॉरिशस, ही योजना जाहीर केली. मॉरिशसमध्ये जन्मलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जोएल द रोने तिचे सल्लागार होते. इंधनावर छोटा अधिभार लावून निधी उभारला गेला आणि सौर पाणीतापकांना अनुदान मिळाले. २००९ च्या ऊर्जा धोरणाने २०२५ पर्यंत ३५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांपासून मिळवण्याचे लक्ष्य ठेवले. २०१४ च्या निवडणुकीत सत्ताबदल झाल्यावर मात्र ही योजना गुंडाळण्यात आली.

तिच्या काळात सुरू झालेली काही कामे टिकली. २०१० च्या अखेरीस घरे आणि छोट्या व्यवसायांना छपरावरची सौर वीज जाळ्यात देण्याची मुभा मिळाली. २०१४ मध्ये बाम्बू येथे १५ मेगावॅटचे सौर उद्यान सुरू झाले. २०१६ मध्ये प्लेन दे रोश येथे ११ पवनचक्क्यांचे ९.३५ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. वाऱ्याची मुख्य अडचण चक्रीवादळांची आहे. म्हणून रॉड्रिग्स बेटावर वादळाच्या आधी मनोऱ्यासह खाली आडव्या करता येतील अशा पवनचक्क्या बसवल्या गेल्या. नवीकरणीय ऊर्जेचे नियोजन करणारी स्वतंत्र संस्था २०१५ च्या कायद्याने अस्तित्वात आली.

ऊन आणि वारा वाढू लागल्यावर जाळ्याचा समतोल राखण्याचा प्रश्न पुढे आला. कमाल मागणी पाचशे मेगावॅटच्या आसपास असलेल्या एकट्या जाळ्यात एक मोठा ढग आला तरी पुरवठा हेलकावे खातो. त्यासाठी हरित हवामान निधीच्या मदतीने एकूण १८ मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवण्यात आल्या. टॅमरिंड फॉल्स येथील ८ मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला भारताने अर्थसाहाय्य दिले. त्याचा प्रारंभ जानेवारी २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केला.

२०२१ मध्ये मॉरिशसने २०३० पर्यंत ६० टक्के नवीकरणीय वीज आणि कोळशाचा पूर्ण त्याग अशी दोन उद्दिष्टे जाहीर केली. त्याच सुमारास शेतकऱ्यांना मिळणारा चिपाडाचा मोबदला मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला, कारण ऊस टिकल्याशिवाय कोळशाला पर्याय मिळणार नव्हता. तरीही एकूण विजेतील नवीकरणीय वाटा २०१० च्या दशकातील वीस ते पंचवीस टक्क्यांवरून २०२२ आणि २०२३ मध्ये वीस टक्क्यांच्या खाली घसरला. सौर वीज वाढली, पण चिपाडाची घट आणि वर्षागणिक चढणारी मागणी यांनी ती भर खाऊन टाकली. ऊन आणि वारा चिपाडासारखे साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून पडीक उसाच्या जमिनीवर इतर जळाऊ पिके घेणे, पाचट गोळा करून जाळणे आणि सौर प्रकल्पांना बॅटरीची जोड देणे हे मार्ग आता पुढे आले आहेत.

साठ वर्षांहून अधिक काळात मॉरिशसला विजेच्या बाबतीत पूर्ण स्वावलंबन साधलेले नाही. मात्र तंत्रज्ञान, भाव आणि वाटणी यांची सांगड घातली, तर छोटा देशही हाताशी असलेल्या टाकाऊ मालातून आपल्या विजेचा मोठा भाग काढू शकतो, हे १९८५ ते २००७ या काळाने दाखवले. पीकच हातून निसटले, तर त्यावर उभी असलेली वीजव्यवस्था पुन्हा आयात इंधनाकडे वळते, हेही त्यानंतरच्या वर्षांनी तितक्याच स्पष्टपणे दाखवले.