अमेरिकेतील चर्च, शाळा आणि मतपेटी

अमेरिकेत निवडणूक आली की 'इव्हँजेलिकल' मतदारांची चर्चा सुरू होते. बायबलचा शब्द प्रमाण मानणारे हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक. २०१६ साली त्यांच्यातील गोऱ्या मतदारांपैकी दर दहांत सुमारे आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. गर्भपाताला विरोध हेच या चळवळीचे मूळ, असे सांगितले जाते. आम्हांला ते पुरते पटत नाही. आम्हांला ते मूळ शाळेच्या आवारात दिसते.

गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा. त्याच्या दोनच वर्षे आधी सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या संघाने ठराव केला होता, की बलात्कार किंवा आईच्या प्रकृतीला धोका अशा प्रसंगी कायद्याने गर्भपाताची मुभा असावी. हा प्रश्न तेव्हा मुख्यतः कॅथॉलिकांचा समजला जाई.

शाळेचे दुखणे मात्र जुने. १९६२ साली न्यूयॉर्क राज्यातील सरकारी शाळांची प्रार्थना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. अवघ्या २२ शब्दांची प्रार्थना! पुढच्या वर्षी शाळेतले बायबलवाचनही गेले. त्याच काळात दक्षिणेत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत घेण्याचे हुकूम अमलात येऊ लागले, आणि पुष्कळ गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली. गावोगाव खासगी ख्रिस्ती शाळा निघाल्या. त्या सगळ्याच वर्णद्वेषातून निघाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांवर संस्कार कोण करणार, ही चिंता कोणत्या आईबापांना नसते? पण १९७८ साली करखात्याने अशा शाळांना विचारायचे ठरवले, की तुमच्या वर्गांत काळी मुले किती? नसतील तर करमाफी कशाला? झाले, निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला, आणि १९७९ साली काँग्रेसने तो नियमच अडवला. चळवळीचे एक सूत्रधार पॉल वायरिक यांनी पुढे उघड सांगितले, की पाद्र्यांना राजकारणात आणले ते या शाळांच्या प्रश्नाने.

गंमत अशी, की तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः बॅप्टिस्ट, चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारे. तरी १९७९ साली जेरी फॉलवेल या पाद्र्याने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली, आणि १९८० साली तिचे वजन पडले रोनाल्ड रेगन यांच्या पारड्यात. रेगन हे घटस्फोट घेतलेले सिनेनट!

करमाफीचा खटला मात्र ते हरले. काळ्यागोऱ्यांच्या भेटीगाठींना बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाविरुद्ध १९८३ साली आठास एक असा निकाल लागला. आपल्या मॉरिशसलाही हा प्रश्न अनोळखी नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या कॅथॉलिक कॉलेजांनी निम्म्या जागा स्वधर्मीयांसाठी राखाव्यात का, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि २००४ साली निकाल राखीव जागांच्या विरुद्ध लागला.

हरूनही त्या मतदारांनी चिकाटी सोडली नाही. प्रत्येक निवडणुकीत त्यांनी न्यायाधीशांच्या नेमणुकांवर डोळा ठेवला. ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीश नेमले, आणि २०२२ सालच्या जूनमध्ये एकाच आठवड्यात तीन निकाल लागले. १९७३ चा गर्भपाताचा निकाल रद्द झाला. मेन राज्याला, खासगी शाळांची फी भरायची तर धार्मिक शाळा वगळता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. आणि सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाची बाजू उचलून धरली गेली. तीनपैकी दोन निकाल शाळेचेच, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

२०२४ साली लुइझियाना राज्याने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलच्या दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. तो लगेच न्यायालयात गेला. कागद निदान ११ इंच बाय १४ इंच हवा, अक्षर मोठे हवे, इतके बारकावे त्यात आहेत. दहांत व्यभिचाराविषयीची आज्ञाही आली. बालवर्गातल्या मुलाने तिचा अर्थ विचारला तर बाईंनी काय सांगावे, ते मात्र कायद्यात लिहिलेले नाही.