कोंबडीचे दुखणे : घरचा उपाय कुठवर?

कोंबडी हे गरिबाघरचे चालतेफिरते धन आहे. आपल्या जतच्या माळावर पाऊस थोडा. शेत कधी पिकते, कधी हुलकावणी देते. पण परसातल्या चार कोंबड्या किडामुंगी, सांडलेली ज्वारी-बाजरी आणि उष्टेखरकटे वेचून अंडी देतात. अंड्याचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो. त्यातून पोराची वही येते, चहासाखर येते. म्हणून कोंबडी गळून बसली की बाईच्या जिवाला घोर लागतो. हळद द्यावी का, लसूण भरवावा का, असे ती शेजारणीला विचारू लागते.

विचारते ते बरोबरच आहे. घरच्या उपायांनी पुष्कळ कोंबड्या बऱ्या होतात. पण काही रोग असे आहेत की त्यांच्यापुढे हळद-लसणाचे काही चालत नाही. घरचा उपाय कुठवर आणि दवाखाना कुठून पुढे, हे ज्याला कळले त्याची कोंबडी वाचते. त्याच्या शेजाऱ्यांच्याही वाचतात. तेच आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

आजारी कोंबडी कशी ओळखावी?

पहाटे खुराडे उघडले की दाराशी क्षणभर थांबा. धडधाकट कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर पडतात आणि लगेच उकरू लागतात. आजारी कोंबडी मागे राहते. पिसे फुगवून, मान आखडून, डोळे मिटून बसते. तिचा तुरा फिका किंवा काळपट दिसतो. शीट पातळ असते. शेपटीखालची पिसे शिटेने चिकटलेली असतात. एवढे पाहायला डॉक्टर लागत नाही.

पण तीन गोष्टींना आजार समजू नका. पहिली, खुडूक कोंबडी. ती अंड्यांवर बसून राहते, थोडे खाते, जवळ गेले की फुगून अंगावर येते. ती आजारी नाही, तिला पिल्ले काढायची आहेत. दुसरी, पिसे झडणे. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. त्या काळात ती अंडी देत नाही. तिसरी, अंग गरम लागणे. कोंबडीचे अंग माणसापेक्षा मुळातच गरम असते, सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. माणसाला एवढा ताप आला तर धावपळ होईल. कोंबडीला तो ताप नव्हे.

पहिले काम कोणते?

औषध शोधण्याआधी आजारी कोंबडी वेगळी करा. हे सगळ्यांत मोठे औषध. घराच्या दुसऱ्या बाजूला, सावलीत, वारा आणि कुत्रे लागणार नाही अशा जागी तिला डालग्याखाली ठेवा. खाली कोरडे गवत किंवा भुसा घाला. थंडीचे दिवस असतील तर रात्री वर पोते टाका, पण हवा येऊ द्या. चुलीच्या धुरात मात्र ठेवू नका.

पाणी आणि दाणे वेगळ्या भांड्यांत द्या. रोज आधी चांगल्या कोंबड्यांचे काम उरका, मग आजारीचे. शेवटी हात साबणाने धुवा. उलटे केले तर आपल्याच हातापायांनी आपण रोग खुराड्यात नेतो.

खात नसली तरी पाणी मिळालेच पाहिजे. एक तांब्या स्वच्छ पाण्यात सुपारीएवढा गूळ आणि बोटाच्या चिमटीत बसेल तेवढे मीठ विरघळवा. मीठ जास्त घालू नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखे आहे. हे पाणी तिच्यापुढे ठेवा. पीत नसेल तर बोटाने थेंब थेंब चोचीच्या कडेला लावा. चोच उघडून तांब्या ओतू नका. पाणी श्वासनळीत गेले तर कोंबडी जागीच मरते. खायला मऊ भात किंवा भाकरीचा ओला चुरा द्या.

घरचे उपाय कुठे चालतात?

ऊन लागणे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे माळ तापतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. तिला सावलीत न्या, गार पाणी पाजा, पाय ओले करा. खुराड्यावर ओले पोते टाका. ऊन उतरल्यावर ती बरी झाली तर ते ऊनच होते. सकाळच्या गारव्यातही धापा टाकत असेल तर ते ऊन नव्हे, रोग आहे.

उवा आणि गोचीड. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसे बाजूला सारून पाहा. उवा असतील तर घमेलेभर बारीक मातीत चाळलेली गार राख मिसळून सावलीत ठेवा. कोंबडी त्यात आपण होऊन लोळते आणि उवा कमी होतात. गोचीड मात्र लबाड असतात. ते दिवसा भिंतीच्या फटीत दडतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर तिच्या अंगावर सहसा काही सापडत नाही. तुरा फिका पडतो, कोंबडी सुकत जाते, आणि आपण म्हणतो की नजर लागली! रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी पाहा. कोंबड्या बाहेर काढून फटींत उकळते पाणी ओता, मातीने फटी लिंपा, वर चुन्याचा हात द्या.

लहान जखम. कोमट पाण्याने धुऊन हळद आणि खोबरेल तेल लावा. जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात, म्हणून सुकेपर्यंत तिला वेगळे ठेवा.

देवी. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला फोड येऊन खपल्या धरतात. हा रोग डासांमुळे पसरतो. खपल्या ओरबाडू नका. हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून तेलात कालवा आणि वर लावा. डोळे चिकटले असतील तर कोमट पाण्याने पुसा. दिसत नाही म्हणून कोंबडी उपाशी मरते, तेव्हा दाणे तिच्या चोचीपाशी न्या. तीन-चार आठवड्यांत बहुतेक कोंबड्या उठतात. घशात पिवळा पापुद्रा धरला असेल तर मात्र दवाखाना गाठा.

पातळ कवचाची अंडी. कोंबडीला चुना कमी पडला आहे. अंड्यांची टरफले भाजून बारीक कुटून दाण्यांत घाला. तशीच टाकू नका, नाहीतर तिला अंडी फोडायची खोड लागते.

पिल्लांच्या शिटेत रक्त दिसले तर घरी प्रयोग करू नका. ओलीचिंब जागा हे त्याचे मूळ आहे. जागा खरवडून कोरडी करा. पण औषध दवाखान्यातूनच, आणि त्याच दिवशी आणा.

आता काय करू नये तेही ऐका. तंबाखूचे पाणी, रॉकेल, दारू, कीटकनाशकाची फवारणी, यांनी रोगाआधी कोंबडीच मरते. माणसाच्या गोळ्या कुटून घालू नका. आणि एका वेळी दहा उपाय करू नका. शेजारणीने सांगितला तो एक, आत्याने सांगितला तो दुसरा, असे करता करता कोंबडीला विश्रांतीच मिळत नाही.

जिथे घरचा उपाय संपतो

एक कोंबडी आजारी पडली तर घरी उपाय करा. पण दोन-तीन दिवसांत दोन, चार, सहा अशा बसू लागल्या, तर थांबा. ही साथ आहे.

सगळ्यांत वाईट साथ मानमोडीची. कोंबडी श्वासाला तडफडते, घरघर आवाज येतो, हिरवट-पांढरी शीट होते, पंख आणि पाय लुळे पडतात, मान पिळवटून मागे जाते. कित्येकदा काहीच न दिसता कोंबडी सकाळी मेलेली सापडते. लस नसलेल्या खुराड्यात हा रोग शिरला तर एखादीच वाचते. हिलाच राणीखेत म्हणतात. राणीखेत हे उत्तराखंडातल्या डोंगरातले गाव. १९२८ च्या सुमारास आपल्या देशात हा रोग तिथे ओळखला गेला, म्हणून हे नाव. १९१८ साली माणसांत आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही लोक मानमोडीच म्हणत. तो रोग वेगळा, हा वेगळा.

मानमोडी झालेल्या कोंबडीला बरे करणारे औषध आजही नाही. ना आपल्या परड्यात, ना डॉक्टरच्या पेटीत. मग कोणी म्हणेल, "आमच्या कोंबडीला लसूण दिला आणि ती वाचली." वाचली असेल. एखादी आपल्या बळाने वाचते. पण तिच्या बरोबरच्या किती गेल्या, तेही मोजावे.

औषध नाही, पण लस आहे. त्यातली एक लस १९४० नंतरच्या वर्षांत उत्तराखंडातल्याच मुक्तेश्वर येथील संशोधन संस्थेत तयार झाली. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. सुमारे दोन महिन्यांचे झाले की दुसरी लस पंखाखाली टोचतात. देवीचीही लस आहे. पुढे पुन्हा केव्हा टोचायचे ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पाटीवर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते!

लसीची एक अडचण आहे. एका बाटलीत शंभर किंवा अधिक कोंबड्यांपुरती लस असते. बाटली बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. तुमच्या घरी पाचच कोंबड्या. पाचांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून वस्तीने एक व्हावे. वीस-पंचवीस घरांनी एक दिवस ठरवावा. पहाटे कोंबड्या खुराड्यातच ठेवाव्यात आणि डॉक्टरांना बोलवावे. बचत गटाच्या बायकांनी मनावर घेतले तर हे काम एका सकाळचे आहे. लस निरोगी कोंबडीलाच देतात. साथ आल्यावर लस मागणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

रोग विकू नका

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. कोंबड्या मरू लागल्या की माणूस म्हणतो, "उरलेल्या आज बाजारात काढू. चार पैसे तरी येतील." दुष्काळी मुलखातल्या माणसाच्या मनात हे येणारच, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण त्या कोंबड्या कुठे जातात पाहा. बाजारात एका खुराड्यात दहा गावच्या कोंबड्या बसतात. तिथून त्या माडग्याळला जातात, संखला जातात, सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. घेणारीही तुमच्यासारखीच एखादी बाई असते. तिने अंड्यांचे पैसे साठवून ती कोंबडी घेतलेली असते. आठ दिवसांत तिचे खुराडे रिकामे होते.

म्हणून बाजारातून, पाहुण्यांकडून किंवा ऊसतोडीहून परतताना आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. मगच आपल्या कोंबड्यांत सोडा.

मेलेली कोंबडी खाऊ नका. ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका. कुत्री आणि कावळे ती गावभर नेतात. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, तोंडाला फडके बांधा. विहिरीपासून लांब, कमरेएवढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

याला आणखी एक कारण आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे बर्ड फ्लू आला. भारतात कोंबड्यांत हा रोग पहिल्यांदा तिथे सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी आढळला. हा रोग कधी कधी माणसाच्याही जिवावर बेततो. त्याची आणि मानमोडीची लक्षणे बरीच सारखी असतात. नुसत्या नजरेने कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, नमुना तपासावा लागतो. तेव्हा अनेक कोंबड्या एकदम मरू लागल्या तर ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. साथीचा रोग कळवावा असा २००९ सालचा कायदाही आहे.

कळवले तर सरकार सगळ्या कोंबड्या मारील, अशी लोकांना भीती असते. मानमोडीत तसे करत नाहीत. बर्ड फ्लू ठरला तरच मारतात, आणि मारलेल्या कोंबड्यांची भरपाई देतात. आधीच मेलेल्यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे लपवणाराच तोट्यात जातो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. रोगाचेही तसेच.

तेव्हा एवढे ध्यानात धरा. एक बसली तर वेगळी करा, पाणी पाजा, घरचा उपाय करा. अनेक बसल्या तर दवाखान्यात कळवा. आणि सगळ्या ठणठणीत असताना, येत्या आठवड्यातच, वस्तीतल्या बायकांना एकत्र करून लसीचा दिवस ठरवा. आधी कोणाच्या घरी किती कोंबड्या आहेत ते एका कागदावर लिहून काढा. कामाची सुरुवात त्या कागदापासून होते.