भूखंडांच्या पोटातील जुना आधार

सागराचा तळ सतत नवा होत असतो. वीस कोटी वर्षांहून जुना सागरतळ फार थोडा उरला आहे. भूखंडांच्या अंतर्भागात मात्र अडीच अब्ज वर्षांहून जुने खडक शाबूत आहेत. अशा भूभागांना ‘क्रेटॉन’ म्हणतात. बळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. कर्नाटकातील धारवाड आणि आपल्या भंडारा-गडचिरोलीपर्यंत पसरलेला बस्तर हे असेच भूभाग होत.

हे बळ पृष्ठभागावरच्या दगडात शोधू गेल्यास पुरते सापडणार नाही. खरा आधार आहे तो प्रावरणात दोनशे किलोमीटर वा त्याहून खोल गेलेल्या मुळाचा. आरंभीच्या तप्त पृथ्वीत या खडकातून शिलारस वितळून निघून गेला आणि त्याबरोबर बरेचसे लोह व पाणीही गेले. मागे उरला तो कोरडा, हलका चोथा. थंड खडक जड होऊन बुडावयास हवा; परंतु लोह गमावल्याने आलेला हलकेपणा त्या जडपणाची भरपाई करतो. शिवाय कोरडा व थंड खडक सहजासहजी वाहत नाही. वज्रकरूरचे हिरे याची साक्ष देतात. सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवर, त्या खोलीच्या मानाने थंड असलेल्या खडकातच हिरा टिकतो. आणि त्यांना वर आणणारा किंबर्लाइट सुमारे एक अब्ज दहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

तरीही हे बळ अक्षय नाही. उत्तर चीनच्या क्रेटॉनचे मूळ मध्यजीव महाकल्पात बरेचसे झिजले. खाली सरकणाऱ्या पॅसिफिक भूपट्टाबरोबर गेलेल्या पाण्याने ते मऊ पडले, असे अनेक अभ्यासक मानतात. १९७६ साली तांगशान शहर उद्ध्वस्त झाले ते याच प्रदेशात.

किल्लारीचे नाव आम्ही येथे मुद्दाम घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे तेथे वेधन केले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टखाली प्राचीन खडकच लागला. भूवैज्ञानिकांचे स्थैर्य कोट्यवधी वर्षांच्या हिशेबातले असते. जुन्या भेगा त्यात राहतातच, आणि हिमालयाशी भिडलेल्या भारतीय भूपट्टाचा ताण त्यांच्यापर्यंत पोहोचतो. भूकंप फार मोठा नव्हता. हजारोंचे जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व जड धाब्यांनी. मराठवाड्यात अशी घरे आजही आहेत. भिंतीची दोन्ही अंगे सांधणारे लांब दगड आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा आपल्या घरात आहे की नाही, हे पालकांनी एकदा जाणकार गवंड्याकडून पाहून घ्यावे.